दुसऱ्या डिस्कवरची सुरुवात

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उमटली होती: सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. बांधकामाचे नकाशे काढून पोट भरणारा तो माणूस, आपल्याच घराच्या दारातून कुणी परत पाठवावे तसा, त्या ओळीकडे पाहत राहिला.

सकाळी नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली तेव्हा सारे सुरळीत होते. मग त्याने कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काढली. ती डिस्क घर सोडून गेलेल्या बायकोची होती. तिचे भाषांतराचे सगळे काम त्या डिस्कवर होते, आणि डिस्क न्यायला संध्याकाळी तिचा भाऊ येणार होता. दोघांमध्ये परत करायची एवढी एकच वस्तू उरली होती. त्यानंतर फोन करायला निमित्त राहणार नव्हते.

केबली काढून पुन्हा घातल्या, क्रम बदलला. घोडे कुठे पेंड खाते ते कळेना. शेवटी त्याने तिलाच फोन लावला. हे यंत्र मुळात तिनेच जुळवले होते.

तिने सगळे ऐकून घेतले. तिच्यामागे नळाखाली भांडी वाजत होती. इन्स्टॉल करताना माझी डिस्क काढली होतीस का, तिने विचारले. काढली नव्हती. बाकीच्या डिस्क आधी काढा, असे सूचनेत ठळक लिहिले होते. तिच्या वस्तूला हात लावायचा धीर मात्र तेव्हा त्याला झाला नव्हता.

"मग सुरू व्हायचा भाग माझ्या डिस्कवर जाऊन बसलाय," ती म्हणाली. "घर तुझं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. धन्य आहेस बाबा."

तो हसला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी त्याची थट्टा केली होती.

पेनड्राइव्हवरून सुरू कर, दुरुस्तीत जा, तो भाग तुझ्याच डिस्कवर नव्याने लिही, असे ती सांगत गेली. एक पायरी पुरी झाल्याचे कळल्याशिवाय पुढची सांगायची नाही, ही तिची जुनी सवय. तो मुद्दाम सावकाश टंकत होता. तरी पायऱ्या संपल्याच. पडदा उजळला; निळसर, रिकामा.

"झाला का सुरू?"

"अजून नाही," तो म्हणाला.

"बरं. थांबते मी."

तिकडे नळ बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडेच कुणी बसले असावे तसा तो डोळे मिटून ती शांतता ऐकत राहिला. आणि सारे जुळून आले की वाजते ती स्वागताची छोटी धून, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता, खोलीभर वाजली.

तिकडे खुर्ची पुन्हा मागे सरकली.

"डिस्क फडक्यात नीट गुंडाळून दे," ती म्हणाली. "दादा निघालाय."

फोन मात्र तिने अजून ठेवला नव्हता. आपला फोन कानाशी तसाच धरून त्याने फडके शोधायला कपाट उघडले.