आरतीचा आकडा

मी जुन्नरच्या बाजारपेठेतला एक कॉम्प्युटर बोलतोय. माझी काच फुटलेली नाही, वायरी शाबूत आहेत, तरी मी भ्यालेलो आहे. का, ते ऐका.

२००३ साली इथल्या माडीवर शिकवणी घेणाऱ्या गोकुळ सरांनी मला पुण्याहून टेम्पोत घालून आणलं आणि माझ्यात बुद्धी मोजायची चाचणी भरली. पडद्यावर चित्रं यायची, मुलांनी माऊसने बाण सरकवून योग्य चित्रावर दाबायचं आणि शेवटी मी आकडा सांगायचा. ओझरच्या गणपतीला गेलेली माणसं परतताना पोरांना माझ्याकडे आणायची. आकडा मोठा आला की पेढे, लहान आला की पाठीत धपाटा! मला तेव्हा गर्वच चढला होता, खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला सरांच्या पत्नी इंद्रायणीताईंनी माझी साग्रसंगीत पूजा केली. मला हळदकुंकू, की-बोर्डला झेंडू आणि माऊसवर तर चिमटी चिमटी करून बरीच हळद. माया हो त्यांची. पण माऊसच्या पोटात रबरी गोळी असते. हळद तिथं शिरली आणि बाण अडखळू लागला. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

दसरा उलटला आणि घाटघरहून सावळेराम आपल्या लेकीला, आरतीला घेऊन आला. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याला बजावलं होतं, आकडा सत्तरच्या खाली आला तर पोरगी गावच्या शाळेत राहणार नाही, तिला पुण्याला मतिमंदांच्या शाळेत घालावं लागेल.

"तिकडं कोन ठेवतंय, सर? घरीच बसंल मंग," सावळेराम म्हणाला.

आरतीला चित्रं कळत होती. नजर बरोबर चित्रावर जायची, बाण मात्र शेजारच्यावर जाऊन अडायचा.

"बा, ह्यो बाण फुडं जाईना," ती हळूच म्हणाली.

"गप. मशीनला नावं नको ठिवू."

आकडा आला चौसष्ट.

"म्हंजी येडी हाय का पोर?" सावळेरामने विचारलं.

"मशीन कुणाची बाजू घेत नाही," सर म्हणाले. मी भीतीने गार पडलो. माझ्या तोंडून निघालेलं खोटं ते दोघं घाट चढून घरी नेणार होते.

पुढे बेल्ह्याचे बैलांचे व्यापारी चांगदेव आपल्या पप्पूला घेऊन आले. त्याचाही आकडा घसरला. चांगदेव उठले नाहीत. "आमी बैलाचे दात दोनदा बघतो, राव. पुन्यांदा घ्या!"

सरांनी वैतागून माऊस उघडला, तर आत पिवळा लगदा. साफ केल्यावर पप्पूचा आकडा कितीतरी वर गेला. सरांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरकडे घाटघरला निरोप धाडला.

आरती पुन्हा आली तेव्हा मला हायसं वाटलं. पण गावात तिचा आकडा सगळ्यांना कळला होता. पोरं तिला येडी म्हणून हाका मारत होती.

आता बाण पाण्यासारखा सरकत होता. तिने तो बरोबर चित्रावर नेला आणि हात काढून घेतला.

"बा, तुमीच दाबा. म्या दाबलं की चुकतंय."

"तू दाब की गं," सावळेरामने तिचा हात पुन्हा माऊसवर ठेवला.

ती दाबेना. माझं घड्याळ पळत होतं आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. चित्रामागून चित्र तसंच निघून गेलं. आकडा आला सहासष्ट.

सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "बघा, दोन्ही वेळा जवळपास सारखाच. म्हणजे चाचणी भरवशाची आहे."

लेकीचा हात धरून सावळेराम जिना उतरला.

आज मी माळ्यावर पडून आहे. माझ्या जागी नवा, चपळ कॉम्प्युटर बसलाय आणि रांग तशीच आहे. तुमचं लेकरू त्याच्यासमोर बसवाल तेव्हा एवढं करा, आकड्याआधी त्याच्या हाताकडे बघा. हात मागे सरत असेल तर बटण बंद करा. मला माझं बटण बंद करता आलं नाही.