सीझनवाली टेप

बबनच्या बँडला उल्हासनगरात मान होता आणि तो सगळा भाच्याच्या, सुदामच्या, क्लॅरिनेटचा होता. कॅम्प पाचमधल्या वरातीच्या घोड्यालाही हे ठाऊक होतं, फक्त बबनला ते कबूल करणं जड जायचं. सत्याऐंशी साली, लग्नसराई तोंडावर आलेली असताना सुदाम सांगत आला की अंबरनाथच्या एका कारखान्याच्या बँडमध्ये कायमची जागा निघालीय, क्वार्टरसकट. बबनने त्याच्या पाठीवर थाप मारली, चहा मागवला आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

तिथले बँडमास्तर फुर्तादो म्हणजे म्हातारे गोवेकर. त्यांनी सुदामच्या हाती एक रेकॉर्ड दिली होती. एका परदेशी ऑपेराची, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाची, नांदी. नाटकातली बाई शेवटी मरते आणि नांदी तिचं सुतक आधीच पाळते, असं त्यांनी समजावलं होतं. महिन्याने ये, यातला क्लॅरिनेटचा भाग माझ्या पियानोबरोबर वाजव. नोटेशन मागाहून शिकवीन, आधी तुझा कान बघू दे. रेकॉर्डवर आहे तसंच हवं, एवढीच अट.

सुदामकडे रेकॉर्ड लावायचं यंत्र नव्हतं, जुना टेपरेकॉर्डर होता. मग टेप भरून आणायचं काम मामाने आपणहून अंगावर घेतलं.

कॅसेटवाल्या झामनदासची लग्नाच्या दिवसांत एक युक्ती चालायची. भरताना टेप जरा हळू फिरवायची, म्हणजे साठ मिनिटांत एखादं गाणं जास्त मावायचं. घरी लावली की सगळं थोडं पळायचं आणि अर्धा सूर वर चढायचं. नाचणाऱ्यांना त्याचं काय सोयरसुतक? बँडवाले मात्र अशा टेपवरून गाणं बसवत नसत. हा नियम बबननेच पोरांना घालून दिला होता.

झामनदासने रेकॉर्ड पुसली आणि विचारलं, "नॉर्मल भरूँ, या सीझनवाली?"

बबनने खिशातले पैसे दोनदा मोजले. माणूस अगदीच नीच नव्हता, म्हणून तेवढा वेळ लागला. मग म्हणाला, "सीझनवाली."

रेकॉर्ड त्याने दुसऱ्याच दिवशी फुर्तादोंना परत करून टाकली. ओरखडा पडला तर उगाच बदनामी, असं सुदामला सांगितलं.

मूळ नांदी पेटीच्या सफेद दोनमध्ये होती, टेपवर ती अर्धा सूर वर, काळी दोनमध्ये आली. त्या पट्टीत क्लॅरिनेटवर बोटांचे हाल होतात, पण सुदामने हट्टाने ती घोटली. साडेसात मिनिटांचं सुतक टेपवर सातच मिनिटांत उरकत होतं, तेही त्याने हुबेहूब उचललं. बबन रोज संध्याकाळी समोर बसून चुका काढायचा. एकदा ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले, इतकं ते चांगलं बसलं होतं. तरी टेपची गोष्ट त्याने फोडली नाही. बहीण चांगुणा चहा देताना म्हणाली की बाप नसल्याचं तू याला कधी कळू दिलं नाहीस. त्यावर बबनने चहाचा घोट घेतला.

परीक्षेला सुदाम मामाला सोबत घेऊन गेला. फुर्तादोंनी पियानो सुरू केला, सुदामने सूर लावला आणि दोन्ही वाद्यं अशी एकमेकांवर आदळली की मागे बसलेले उमेदवार खिदळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. फुर्तादो शांतपणे म्हणाले, अर्धा सूर खाली घे. वरातीत गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलणं सुदामला रोजचंच होतं. आता हा उतरवणार आणि नोकरी घेणार, बबनला वाटलं.

पण सुदाम हटला नाही.

"मास्तर, टेप मामांनी स्वतः भरून आणलीय," तो म्हणाला. "मामांच्या हातून सुरात चूक होत नाही. तुमचा पियानो उतरलाय."

फुर्तादोंनी कपाटातून तीच रेकॉर्ड काढून लावली. सफेद दोन. पियानोशी तंतोतंत जुळणारी, आणि सुदामने महिनाभर वाजवली त्याहून किती दुःखी. सुदाम मागे वळला. "मामा, सांगा ना यांना."

खरं सांगायला बबनला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "तुझीच ऐकण्यात चूक झाली, सुदाम."

फुर्तादोंनी पुढचं नाव पुकारलं.

सुदाम बँडमध्ये परतला. बबनला हवं ते मिळालं आणि पहिल्याच वरातीत ते केवढ्याला पडलं ते कळलं. गाणं सुरू करण्याआधी सुदाम जवळ येऊन हळूच विचारायचा, "मामा, सूर बरोबर आहे ना?" प्रत्येक गाण्याला विचारायचा. बबन हो म्हणेपर्यंत क्लॅरिनेट ओठाला लावायचा नाही, आणि लावला तरी इतका दबकत वाजवायचा की ढोलाखाली ऐकूही येऊ नये. पुढच्या सराईत गिऱ्हाइकं शहाडच्या बँडकडे वळली.

एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसून खोळंबला होता आणि सुदाम तिसऱ्यांदा विचारायला आला. बबन वैतागला. "तुझ्या कानाला झालंय तरी काय रे?"

सुदामला प्रश्नाचं नवल वाटलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तो चुकतो ना, मामा," तो म्हणाला. "तुम्हीच तर सांगितलं."