दहा जुळे बार

"हात दमला तरी चालंल, जुईले, पर ठोका तोच पडू दे!" दहिवडीच्या शाळेत लेझीम शिकवणाऱ्या गुरुजींचा हा आवाज जुईलीच्या कानात वीस वर्षं मुक्कामाला होता.

आता तिच्यापुढे लेझीम नव्हती, सहा मीटरची पोलादी नळी होती. नांदे गावात, जागेच्या मालकीण रंभाबाईंच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आडवी पसरलेली. नळीच्या मधोमध पातळ पारदर्शक चकती आवळायची आणि एका बाजूनं वायू भरत जायचं. चकती फाटली की धक्क्याची लाट सुसाट धावायची अन् टोकाच्या सेन्सरवर आदळायची. लाटेचा जोर आधीच ठाऊक असला, की सेन्सर खरं बोलतोय की थापा मारतोय ते कळतं. अट एकच, प्रत्येक लाट पहिलीची जुळी बहीण हवी.

आज दिग्विजय साहेब तपासणीला आले होते. दहा बार सारखे निघाले तर प्रयोगशाळेला मान्यता, नाहीतर जुईलीची दोन वर्षं पाण्यात.

धाड!

"घाबरू नगा सायेब," चहा घेऊन दारात आलेल्या रंभाबाई म्हणाल्या. "आमची म्हस सुदिक आता कान हालवत न्हाई. तुमी तर मानूस हाय."

पाच बार झाले. पडद्यावर पाच रेषा एकीवर एक अशा बसल्या, की मोजू गेलं तर एकच दिसावी.

सहावा झाला, फुस्स.

"ही शिंकली वाटतं," साहेब म्हणाले.

सातवीही शिंकली. जुईलीनं बोल्ट पुन्हा आवळले, वायूचा काटा पाहिला, सेन्सर बदलला. आठवी चकती तर अर्ध्या दाबालाच फाटली.

एरवी मिनिटाला दोन टोमणे मारणाऱ्या रंभाबाई पदराचं टोक पिळत उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "पाच तर ब्येस झाले की गं. पाचावर भागत न्हाई व्हय?"

"दहा लागतात, मावशी."

"मंग सायेब, त्येच पाच दोनदा लिवा."

साहेब हसले नाहीत. जुईलीनं डोळे पुसले. "लिहा सर. यंत्र भरवशाचं नाही. चूक माझीच आहे, कुठं झाली तेवढंच कळत नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा वो!" रंभाबाईंनी चहाचा ट्रे सरळ त्यांच्या कागदावरच ठेवला. "हिच्या चकत्या माज्या लोनच्याच्या बरन्यांवर हायेत. हीच सांगत व्हती, चकतीतनं वारं जात न्हाई म्हून. मला मोह पडला. चकत्यांचा डबा रिकामा दिसाया नगं, म्हून वरच्या पाच तशाच ठिवून खाली नातीच्या वह्यांच्या कव्हरातनं तसल्याच कापून ठिवल्या. पोरीची चूक न्हाई सायेब, माजी हाय. आनू का सोडवून? जरा तेलकट झाल्यात, पर फाटल्याली एकबी न्हाई."