एकशे बाराव्या पानापर्यंत

“इचार तिला, माज्या पोरीचा नाव का बदल्लान?” जैतूनखाला मला म्हणाली. मांडीवर नवंकोरं पुस्तक होतं.

समोर व्हीलचेअरवर एलेनॉरबाई. अमेरिकेत जन्मभर समाजसेविका. दिवसा लोकांची दुःखं ऐकायची, सकाळी लवकर उठून कादंबऱ्या लिहायच्या. उतारवयात मुलाकडे इथे आखातात, अल दुहैलला आल्या. माझी ही मावशी अकरा वर्षं त्यांची देखभाल करत होती. दुपारच्या चहाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपल्या लेकीबद्दल, शफाबद्दल सांगत होती. शफा नऊ वर्षांची असताना रत्नागिरीला तापानं गेली. खाला तेव्हा इथे दुसऱ्याची मुलं सांभाळत होती. तिला मयतीलाही पोचता आलं नाही.

बाईंच्या या नव्या कादंबरीत ते सगळं आलं होतं. गालावरचा तीळ, काजूच्या चिकानं सोलवटलेली बोटं. मी वाचून दाखवताना खाला मान डोलावत होती. फक्त पोरीचं नाव मरियम होतं.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, “आमच्या कामाचा पहिला नियम आहे तो. ज्याचं दुःख, त्याचं नाव लपवायचं.”

मी मराठीत सांगितलं आणि खालाचा बांध फुटला. “लपवायला माज्या पोरीनं काय चोरी केलान? कबरीवर दगड नाय तिच्या. म्हटला, पुस्तकात तरी नाव ऱ्हईल!”

हे मात्र मला इंग्रजीत सांगवेना. पण बाईंना कळलं असावं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या पानापासून मरियम खोडून शफा लिहायला घेतलं. हात इतका कापायचा की दिवसाला चार-पाच पानं व्हायची. खाला पुस्तक दाबून धरायची. मला बाईंचा राग आला होता, तोही मग धरवेना.

मार्चमध्ये बाई गेल्या. मुलानं ते पुस्तक खालाला दिलं.

“उरलेली पानं मी कम्प्लीट करते, खाला,” मी शुक्रवारी म्हणाले.

“कुटवर झालाय?”

“एकशे बारा. शफा काजू वेचतेय.”

“नि फुडं?”

मी पान उलटलं. “फुडं ताप येतो. मग हॉस्पिटल.”

खालानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं.

“मग ऱ्हवू दे, नूरैन. फुडं मरते ती मरियम.”