पहाऱ्यावरची कडी

मी एक कडी बोलतेय. पुढच्या दाराची, आतल्या बाजूची. रंग पितळी, अंग पत्र्याचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्यात सुताराने पिळायचा कंटाळा करून हातोडीने ठोकल्यामुळे माझा एक स्क्रू जन्मापासून ढिला आहे. कुणी जोरात शिंकलं तरी मी पडेन.

या घरात एक निवृत्त फौजी आणि त्यांची बायको राहतात. फौजी रोज सकाळी बागेतल्या बाकावर जुन्या सोबत्यांबरोबर बसायचे आणि हसत घरी यायचे. मला कुणी विचारत नसे. मग महामारी आली, रस्ते बंद झाले, बाक ओस पडला. सोबत्यांतला एक जण दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. त्याला शेवटची सलामी द्यायलाही कुणाला जाता आलं नाही.

तेव्हापासून फौजी सारखे माझ्याकडे येऊ लागले. मला लावायचे, ओढून बघायचे, दोन पावलं जायचे की पुन्हा हजर. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले! माणूस अर्धं जेवण टाकून मला बघायला येतो, म्हणजे काय थट्टा आहे? रात्री-अपरात्रीही उठून यायचे, तेही मी प्रेमाचंच लक्षण समजले.

"अहो, जरा आडवे व्हा ना," बायको म्हणायची.

"व्हायचंय गं. पण मग इथे कोण उभं राहणार?"

तिला वाटायचं, चिडून बोलतायत. शेजारी जिन्यात कुजबुजले, "फौजींचा स्क्रू ढिला झालाय." मी दचकले. माझं बिंग यांना कुणी सांगितलं?

एका दुपारी बायको औषधं घेऊन आली आणि तिने दार वाजवलं.

"थांब! कोण येतंय?" फौजी आतून गरजले.

"अहो, मी!"

"कोण मी?"

"असं काय करता? उघडा ना!"

फौजींनी मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. आवाज ओळखीचा होता, पण त्यांचा हात उठेना. त्यांच्या घामाने मी भिजले आणि मला माझीच लाज वाटली. मास्क लावलेली बिचारी बाहेर ताटकळतेय, आणि मी एका स्क्रूवर लटकून किल्ल्याचा दरवाजा असल्याचा तोरा मिरवतेय!

तिने तिथूनच लंबूला फोन लावून सगळं सांगितलं. लंबू म्हणजे बाकावरचा सोबती, फौजींच्याच पलटणीतला; फौजींना तो उस्ताद म्हणतो. त्याचा आवाज एवढा मोठा, की दाराआड मलाही ऐकू आला.

"वहिनी, पहारेकरी 'मी'ला दार उघडत नसतो. 'दोस्त' म्हणा. आणि बदलीचा माणूस आल्याशिवाय तो जागा सोडत नाही. उस्तादांना कुणी बदलीच दिली नाही हो!"

तिने पुन्हा दार वाजवलं.

"थांब! कोण येतंय?"

"दोस्त!" आवाज रडवेला, पण खणखणीत. "पहारा बदली! आता मी उभी राहते. तुम्ही झोपा."

माझ्यावरची पकड सैल झाली. मग मी सरकले. फौजी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले आणि बुटांसकट सोफ्यावर झोपले. ती खरोखरच दाराशी खुर्ची टाकून बसली.

आता फौजी मनाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलतात. संध्याकाळी लंबूचा फोन येतो, "उस्ताद, बदली!" अजूनही कधीतरी ते येऊन मला चाचपतात, पण जेवण पुरं करून. मला पुन्हा कुणी विचारत नाही, आणि खरं सांगू, बरं वाटतं.

तुमच्या घरी कुणी सारखी कडी तपासत असेल, तर हसू नका. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा, त्याला बदली द्या. आणि जिन्यातल्या त्या शेजाऱ्यांना माझा एवढा निरोप सांगा: स्क्रू माझा ढिला होता हो, फौजींचा नाही.