एक्सलचा बूट

विजेच्या मीटरचा तपासनीस म्हणून त्याने उभी नोकरी काढली. सील गरम सुईने उकलून पुन्हा चिकटवलेलं असलं, तर त्याला ते दारातूनच कळायचं. पुढे नोकरी संपली, पण नाक काही निवृत्त झालं नाही. दूधवाल्याचं माप, वाण्याचा तराजू, शेजाऱ्याचं विनाकारण हसणं, कुठे ना कुठे पाणी मुरतंय असं त्याला वाटतच राही. गल्ली त्याला तपासनीस म्हणे आणि बायको नुसतंच "अहो".

त्याचा डोळे मिटून विश्वास होता तो फक्त आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीवर. आणि तीच एके दिवशी वळणावर कटकट करू लागली.

गॅरेजच्या मिस्त्रीने त्याला शेजारी बसवलं, मोकळ्या मैदानात नेलं, स्टिअरिंग एका बाजूला पार शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी गोल गोल घुमवली. कट, कट, कट. मग सरळ रस्त्यावर काढली, तर गाडी अगदी गप्प.

"सरळ जाताना घूंऽऽ असा आवाज आला असता तर बेअरिंग म्हटलं असतं," मिस्त्री म्हणाला. "वळतानाच वाजतंय, म्हणजे चाकाजवळचा एक्सलचा सांधा. त्यावर रबराची टोपी असते, आम्ही तिला बूट म्हणतो. तो फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि सांधा खडखडायला लागतो."

"वाटेत तुटला तर?" तपासनीसाच्या बायकोने विचारलं. ती गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसली होती.

"लगेच नाही तुटत, काकू. आधी चांगला बोंबलतो. पण दुरुस्तीला वेळ लागतो, हा सांधा मागवावा लागतो."

तो सांधा यायला आठवडा गेला. तेवढे दिवस नवरा-बायको बसने आणि पायी फिरले. तपासनीस कुरकुरत होता. बायको मात्र त्या दिवसांत कधी नव्हे ती गुणगुणत होती. तेव्हा त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

थोड्याच महिन्यांत तीच कटकट, त्याच डाव्या चाकातून. मिस्त्रीने चाक काढलं, बूट पुसला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"साहेब, जुनं रबर घडीवर तडकतं. हे बघा, घड्या शाबूत आहेत आणि चीर आडवी, सरळ. हा फाटलेला नाही, कापलेला आहे."

तपासनीसाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने पहिला संशय घेतला तो समोर उभ्या असलेल्या मिस्त्रीवरच. गाडी बिघडली की पोट कुणाचं भरतं?

मिस्त्रीने त्याची नजर ओळखली. "मीच कापला असता तर तुम्हाला दाखवला असता का?"

'मुरलेला चोर नेमकं हेच म्हणेल,' तपासनीस मनात म्हणाला आणि नवा बूट चढून चाक परत बसेपर्यंत तिथून हलला नाही.

घरी आला तर शेजारचा दातांचा डॉक्टर फाटकाशी उभा. गाडी कुठे लावायची यावरून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. आणि डॉक्टरकडे तर धारदार हत्यारांचा ट्रेच! तपासनीसाने बायकोला तसं बोलून दाखवलं.

"अहो, तो माणूस लोकांचे दात काढतो, रबर कशाला कापत बसेल?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली.

तेव्हापासून तपासनीस रोज सकाळी दात घासायच्या आधी गाडीभोवती फेरी मारू लागला. वाकून चाकामागे बघायचं, बोटाने बूट चाचपायचा, मग चहा. डॉक्टर गच्चीवरून बघे आणि तपासनीस त्या बघण्याचीही मनात नोंद घेई.

एका सकाळी बोटाला ग्रीस लागलं. पुन्हा चीर, पुन्हा आडवी. पण या वेळी त्याला आणखी काही दिसलं. पुढची चाकं तिरकी होती. तो गाडी नेहमी चाकं सरळ करूनच लावायचा, नोकरीपासूनची शिस्त होती ती. कापणाऱ्याला आत हात घालायला जागा हवी म्हणून त्याने चाक वळवलं असणार. आणि किल्लीशिवाय स्टिअरिंग वळत नाही, अडतं.

म्हणजे कापणाऱ्याकडे किल्ली होती! मिस्त्री सुटला, दातांचा डॉक्टर सुटला. किल्ल्या दोनच. एक घरात आणि दुसरी जावयाकडे.

जावई परगावी होता, पण मागल्या सुट्टीत त्याने सहज म्हटलं होतं, "बाबा, आता गाडी द्या आम्हाला." तपासनीसाने तडक फोन लावला.

"ती दुसरी किल्ली कुठे आहे? आणि काल तू कुठे होतास?"

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. मग लेकीचा आवाज आला. "बाबा, त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. पंधरवडा झाला, तो पलंगावरून उठलेला नाही. हे आईने तुम्हाला सांगितलं होतं." आणि फोन बंद.

तपासनीस फोन हातात घेऊन बसून राहिला. आता एकच किल्ली उरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तर नव्हे? विचार मनात आला आणि त्यालाच त्याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तपास अर्धवट सोडणारा तो माणूस नव्हे.

त्याने मिस्त्रीकडून नवा बूट बसवून घेतला, घरी कुणाला काही बोलला नाही. मग रोज दुपारी जेवण झालं की पलंगावर पडायचं, खोटं घोरायचं आणि पडद्याच्या फटीतून फाटकाकडे बघायचं. काही दुपारी नुसत्या मांजरी दिसल्या. एकदा तर खोटं घोरता घोरता खरंच डोळा लागला.

आणि मग एका दुपारी दिसली ती बायको. पदर खोचलेला, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात भाजीची सुरी. ती गाडीत बसली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून वळवलं, उतरली आणि गुडघ्यावर हात टेकत चाकाशी खाली बसली.

तो बाहेर आला तेव्हा तिची सुरी अजून आतच होती.

"कुणी शिकवलं तुला हे?" त्याच्या तोंडून पहिलं हेच निघालं. "जावयाने? गाडी हवी आहे ना त्याला?"

ती दचकली नाही. ग्रीसने माखलेला हात पदराला पुसत उभी राहिली. "कुणी नाही. तो आठवडा गाडी बंद होती ना, तेवढेच दिवस मला शांत झोप लागली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

तो हसला. मग चिडला. ती मात्र आता थांबणार नव्हती. मागे एकदा रस्त्यात बाळगाडी ढकलणारी एक मुलगी डावीकडून येत होती, मी किंचाळले म्हणून तुम्ही ब्रेक मारला, बायको म्हणाली. तुम्ही म्हणालात, अचानक मध्ये आली. ती अचानक नव्हती आली हो, मी तिला केव्हाची बघत होते. डोळे दाखवा म्हटलं, तर म्हणालात, त्यांना चष्मे खपवायचे असतात. गाडी नका चालवू म्हटलं, तर म्हणालात, तुला कुणीतरी फितवलंय.

"मग काय करायचं होतं मी?"

"खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्हाला खरं पटतं कधी?"

मग तिने त्याला तिथेच पायरीवर बसवलं. उजवा डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघा. मी डावीकडे बोटं हलवते आहे. दिसतात?"

"तू हात वर केलेलाच नाहीस."

"केलाय."

"खोटं."

"हात लावून बघा."

त्याने चाचपडत डावा हात बाजूला नेला. जिथे त्याला नुसती भिंत दिसत होती, तिथे त्याच्या बोटांना तिची बोटं लागली. ग्रीसने चिकट झालेली, हलणारी. त्याने हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा तेच. भिंतीत कुठे भोक नव्हतं, काळोख नव्हता. भिंत अखंड दिसत होती आणि बायकोचा हात त्यात नव्हता.

त्याने उजव्या डोळ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "त्या पोरीला... लागलं नव्हतं ना?"

"नाही. वाचली."

डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेली की मन ती जागा आपणच भरून काढतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येणार नाही, थेंब घातले तर उरलेली टिकेल, आणि गाडी बंद. तपासनीसाने दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, मग तिसऱ्याला. तिघांचं एकच म्हणणं निघालं, तेव्हा कुठे त्याने थेंब सुरू केले.

प्लॅस्टर निघाल्यावर जावई आला. तपासनीस त्याला घेऊन गाडीजवळ गेला, खाकरला, टायरला पाय लावून बघितला आणि म्हणाला, "फोनवर मी जे बोललो, ते चुकलं माझं."

"असू द्या, बाबा."

"असू द्या कसं? चुकलं ते चुकलं. गाडी घेऊन जा. आणि वळताना काच खाली ठेवत जा, सांधा आधी आवाज देतो."

गाडी गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. तरी तो फाटकाशीच उभा होता. बायको येऊन शेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या दंडाला हात लावला, तसा तो केवढा दचकला.

"केव्हाची आलीस?"

"मघाचीच."

"आधी आवाज देत जा गं," तो म्हणाला.

ती त्याच्या मागून वळून उजव्या बाजूला आली आणि दोघं तिथेच थोडा वेळ उभे राहिले.