तीन रिव्हेटांचा गुण्या

नवा रंग मारलेलं जुनं मशीन दिसलं की माझ्या नवऱ्याच्या कपाळावर आठी पडते. "कुणीतरी काहीतरी झाकतंय," असं पुटपुटतो. मग खिशातून बॅटरी काढतो, गुडघ्यांवर बसतो आणि विकणाऱ्या माणसासमोर, अजिबात लाज न बाळगता, मशीनच्या पोटाखाली बोट फिरवून त्या बोटाचा वास घेतो. मी गाडीत बसून राहते. लग्नाआधी आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने खुर्चीत बसण्याआधी टेबलाचा पाय हलवून पाहिला होता. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

नॉर्बर्ट गिअरच्या कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं बनवणाऱ्या खात्यात, होता. निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडतात, फ्लोरिडाला जातात. याला गॅरेजमध्ये स्वतःचं वर्कशॉप हवं होतं. माझी गाडी बाहेर बर्फात गेली आणि आत लेथ आला, लोखंड कातायचं मशीन. मग त्या लेथच्या मागे वरात लागली. वाइस, ड्रिलचे डबे, कटिंग ऑइलचे कॅन, माझ्यापेक्षा जड पोलादाच्या कांबी. तो हिवाळा आम्ही ओहायो आणि इंडियानाच्या सीमेवरची अर्धी गावं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी हा विकणाऱ्याकडे असा बघायचा, जणू त्याने नुकताच चर्चचा गल्ला फोडलाय.

खरं म्हणजे हे सगळं क्लीटससोबत व्हायचं होतं. क्लीटस बोर्गर्ट म्हणजे नॉर्बर्टचा एकुलता एक मित्र. कारखान्यात दोघं एकाच दिवशी शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, एकाच बाकावर कानस घासायला शिकले आणि जन्मभर शेजारी शेजारी उभे राहिले. क्लीटसचा हात टूलरूममध्ये सगळ्यात चांगला होता, हे नॉर्बर्टसुद्धा मान्य करायचा, आणि तो सहसा काही मान्य करत नाही. क्लीटसच्या तळघरात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. "तू निवृत्त हो, तुझा लेथ मी निवडून देतो," असं तो कित्येक वर्षं म्हणत आला होता.

आणि आता यायलाच तयार नव्हता. आधी गुडघा दुखत होता. मग इर्माच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कुठल्याशा बहिणीकडे जायचं होतं. मग गुरुवारचे पत्तेही बंद झाले. कंटाळा आला म्हणे! आमच्या गावात माणूस बायकोला कंटाळतो, पाद्र्याला कंटाळतो, पण युकरच्या डावाला कंटाळलेला मी अजून पाहिलेला नाही.

"त्याला तो लेथ स्वतःसाठी हवा होता," नॉर्बर्ट म्हणाला.

"त्याच्याकडे लेथ आहे, नॉर्ब."

"म्हणूनच तर. माझा त्याच्यापेक्षा मोठा निघाला."

मी हसले. पण मार्चमध्ये नॉर्बर्ट रीमर, म्हणजे भोक मोठं करायचं हत्यार, मागायला त्यांच्याकडे गेला, मी सोबत होते, आणि इर्मा तळघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. खाली पाणी शिरलंय, म्हणाली. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. ओट्यावर कॉफी होती, तिने विचारलीसुद्धा नाही. इर्माने कॉफी विचारली नाही, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली.

जूनमध्ये जत्रेच्या मैदानावर जुन्या इंजिनांचा मेळा भरतो. एका बाजूला इंजिनं फटफटतात, दुसऱ्या बाजूला लोक टेबलं मांडून जुनी हत्यारं विकतात. मी तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच खात होते. नॉर्बर्ट एका टेबलापाशी थांबला आणि बराच वेळ हललाच नाही, म्हणून मी जवळ गेले. त्याच्या हातात एक छोटा गुण्या होता. काटकोन तपासायचं ते पोलादी हत्यार, तळहाताएवढं.

"हा क्लीटसचा आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"उमेदवारीत प्रत्येकाला एक बनवायला लागायचा. सगळ्यांनी पातं जोडायला दोन रिव्हेट मारले. हा पठ्ठ्या म्हणाला, तिसरा हवाच. फोरमनने त्याला अख्ख्या टूलरूमसमोर झापलं होतं. हे बघ. तीन."

मग त्याने गुण्या उलटा केला. आमच्याकडे टूलरूमचा माणूस प्रत्येक हत्यारावर आपलं नाव कोरतो, आणि नाव कोरलेलं हत्यार जिवंतपणी विकत नाही. ती हत्यारं तो गेल्यावर त्याची बायको विकते. सगळ्यांना हे ठाऊक असतं. म्हणूनच जुन्या हत्यारावर अनोळखी नाव दिसलं तर कुणाला काही वाटत नाही. पण नाव घासून काढलेलं दिसलं, की ते चोरीचं. या गुण्यावर नावाच्या जागी ग्राइंडरने खरवडलेला एक वेडावाकडा खड्डा होता.

"हे कुणाकडून घेतलं?" नॉर्बर्टने टेबलवाल्याला विचारलं.

"एक तरुण माणूस आला होता. टाय लावलेला. गाडीत मागे लहान मुलाची खुर्ची होती. का हो, काही गडबड?"

नॉर्बर्टने गुण्या विकत घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "टॉड."

टॉड म्हणजे क्लीटसचा जावई. विमा विकतो, शनिवारीसुद्धा टाय लावतो. नॉर्बर्टचं त्याच्याविषयीचं मत लग्नाच्या दिवशीच ठरलं होतं, कारण टॉडच्या नखांत कधी काळं नसतं. मला टॉड आवडायचा. चर्चच्या जेवणानंतर खुर्च्या उचलायला तो थांबतो, बाकीचे पळतात.

"टाय लावणारे गावात पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

"क्लीटसच्या तळघरात जाणारा एकच आहे."

त्यानंतर नॉर्बर्टला दुसरं काही सुचेना. लेथसाठी चक, म्हणजे लोखंड पकडायचा जबडा, बघायला म्हणून निघायचा आणि भलत्याच टेबलांवर उकरत बसायचा. पुढच्या मेळ्यात क्लीटसचा भोकांची खोली मोजायचा गेज सापडला, मग दोन क्लॅम्प. सगळ्यांवरची नावं तशीच खरवडलेली. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने ती मांडून ठेवली आणि भिंग घेऊन बसला.

"हे घासणाऱ्याला ग्राइंडर कसा धरायचा तेही माहीत नाही," तो म्हणाला. "क्लीटसने बघितलं तर त्याला रडू येईल."

"मग त्याला फोन कर आणि सांग."

"फोनवर? आणि इर्माने उचलला तर? तीही सामील असेल. दाराला पाठ लावून उभी होती, विसरलीस?"

मी विसरले नव्हते. तेच तर वाईट होतं. रात्रंदिवस एखाद्याच्या संशयाशेजारी बसलं की तो आपल्यालाही चिकटतो. टॉडने नवी गाडी घेतली होती, ते मला आठवलं. क्लीटस हल्ली कुठेही स्वतः गाडी चालवत येत नाही, इर्माच चालवते, तेही आठवलं. म्हाताऱ्याला घरात कोंडून त्याचं एकेक हत्यार विकताहेत की काय, असं माझ्या मनात आलं. हे मी नॉर्बर्टला सांगितलं, आणि सांगायला नको होतं. तो उठला, सगळी हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाला, "रविवारी जाऊ. सगळे जेवायला असतात तेव्हा."

रविवारी मी केक घेऊन गेले. आमचं येणं ठरलेलं नव्हतं, पण इर्माने दोन ताटं वाढवली. कोंबडी होती, कुस्करलेल्या बटाट्यावर आमच्याकडच्या जाड शेवया होत्या. टॉड होता, त्याची बायको कॉनी होती, बाळ वरच्या खोलीत झोपलेलं होतं. क्लीटस टेबलाच्या टोकाला बसला होता. दाढी करताना गालावर एक पट्टा राहून गेला होता. मला वाटलं, बघा, लक्षसुद्धा देत नाहीत त्याच्याकडे.

नॉर्बर्टने शेवया संपवल्या, तोंड पुसलं आणि पिशवीतून गुण्या काढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"टॉड, हे ओळखतोस?"

टॉड कानापर्यंत लाल झाला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. क्लीटस फ्रिजकडे बघत होता.

"काय आहे ते?" कॉनीने विचारलं.

"तुझ्या बापाचं हत्यार आहे. जत्रेत विकायला होतं. अजून तीन माझ्याकडे आहेत. सगळ्यांवरचं नाव खरवडलेलं. टाय लावलेल्या पोराने विकलं, असं टेबलवाला सांगतो."

"टॉड?" कॉनी म्हणाली.

टॉडने काटा खाली ठेवला. "हो, मीच विकली," तो म्हणाला.

"मला न विचारता? बाबांची?"

"हो."

बस, एवढंच. सबब नाही, माफी नाही. कॉनी खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. इर्मा तोंडावर हात ठेवून बसली होती. मी क्लीटसची वाट बघत होते. आता हा उठेल, ओरडेल, निदान जावयाकडे वळून बघेल. तो फ्रिजकडेच बघत राहिला.

"अरे, तू काही बोलणार आहेस की नाही?" नॉर्बर्टने त्याला विचारलं. "तुझं घर लुटतोय हा!"

"जाऊ दे, नॉर्ब. घरातली गोष्ट आहे."

"घरातली? तिसऱ्या रिव्हेटसाठी तू शिव्या खाल्ल्यास तेव्हा तुझ्या शेजारी कोण उभं होतं? हा उभा होता? माझ्याकडे बघून बोल!"

क्लीटस बघेना. नॉर्बर्टचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला क्लीटसवर ओरडताना ऐकलं.

"माझा लेथ बघायला आला नाहीस. पत्ते सोडलेस. तळघरात पाऊल टाकू देत नाहीस. आता हा चोर तुझ्याच टेबलावर जेवतोय आणि तुला माझ्या नजरेला नजर देववत नाही. तूही यात आहेस का? का माझीच काही अडचण झालीये तुला?" त्याने गुण्या उचलून हवेत धरला. "आणि घासलंय तरी कसं! तुझ्या कामावर हे! लाज वाटली पाहिजे. आंधळ्याने घासल्यासारखं घासलंय!"

वर बाळ रडायला लागलं. कुणी उठलं नाही.

"बाबा, सांगू नका," टॉड हळूच म्हणाला. "मी म्हटलंय ना, मीच विकलं."

"विकलंस तू," क्लीटस म्हणाला. "घासलं मी."

नॉर्बर्टचा हात तसाच हवेत राहिला.

"गेल्या शरद ऋतूपासून मधलं दिसत नाही," क्लीटस म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं, मधे डाग. डॉक्टर म्हणतो, वाढतच जाणार. डायलवरच्या रेघा दिसत नाहीत, पत्ते दिसत नाहीत. मी खाली जायचो आणि नुसता बसायचो. एक दिवस टॉडला म्हटलं, घेऊन जा सगळं, लांब कुठेतरी विक, कुणाला सांगू नकोस. कॉनीलाही नको. नाव असलं तर नॉर्ब, तुझ्यापर्यंत बातमी येईल, म्हणून नावं काढली. मला वाटलं, बरी निघालीत."

"मला का नाही दिलीस?" नॉर्बर्टचा आवाज मला अनोळखी वाटला.

"तुला दिली असती तर तू विचारलं असतंस, का देतोस. मग रोज गॅरेजमध्ये बोलावलं असतंस. खुर्ची दिली असतीस. मी खुर्चीवर बसून तुझा लेथ ऐकत बसलो असतो." तो थांबला. "इर्माला म्हटलं होतं, नॉर्बला तेवढं कळू द्यायचं नाही."

कॉनी रडत होती. टॉड तिच्याजवळ जावं की नाही हे न कळून अर्धवट उभा होता. मी त्याच्या ताटात केकचा तुकडा ठेवला. दुसरं काय करणार होते? मला त्याची माफी मागायची होती आणि शब्द सापडत नव्हता.

"आणि नजर देत नाही म्हणतोस," क्लीटस फ्रिजकडे बघत म्हणाला. "अरे, सरळ बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी नुसतं भोक दिसतं. तुला बघायचं म्हणूनच तिकडे बघतोय. आल्यापासून तुलाच बघतोय."

नॉर्बर्टने गुण्या खाली ठेवला. मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू कसं वागायचं ते माहीत नसतं. त्याने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून फ्रिजसमोर नेली आणि क्लीटस जिथे बघत होता तिथे, बरोबर त्याच्या समोर, मांडून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते क्लीटसला दिसावं म्हणून की काय, त्याने चष्माही काढला.

क्लीटसने हात पुढे करून हवेत चाचपडल्यासारखं केलं.

"गेलास," तो म्हणाला. "होतास तिथे बस, नॉर्ब. आता दिसत नाहीस."

नॉर्बर्ट उठला, खुर्ची उचलून परत आपल्या जागी आणली आणि हलायचं नाही म्हणून दोन्ही हातांनी टेबल धरून बसला.